‘टॉक्सोकारा आयजीजी पॉझिटिव्ह’ म्हणजे नेमकं काय पॉझिटिव्ह?

मालाडच्या एका ताईंचा प्रश्न थोडक्यात असा. मुलगा सहा वर्षांचा. दीड महिना रात्रीचा कोरडा खोकला, मधूनच अंगावर गांधी उठतात. रक्तात पांढऱ्या पेशी १४,०००, त्यात इओसिनोफिल (अ‍ॅलर्जीत आणि जंतांत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी) २२ टक्के. शौचाची तपासणी दोनदा केली, दोन्हीत काही नाही. मग कुणीतरी सुचवलं म्हणून टॉक्सोकाराची टेस्ट केली, ती पॉझिटिव्ह आली. वॉचमनने सांभाळलेलं एक पिल्लू आहे, मुलगा त्याच्याशी खेळतो, आणि आता सोसायटीच्या ग्रुपवर ते पिल्लू हाकलायची भाषा सुरू झालीय. ताई विचारतात: शाळेत जंताची गोळी घेऊनही हे कसं झालं? शौचात काहीच नाही तर रक्तात कुठून आलं? धाकट्या मुलीचीही टेस्ट करायची का? आणि जाता जाता, रिपोर्टवर ‘ई-एस अँटिजेन’ लिहिलंय ते काय असतं?

ताई, जाता जाता विचारलेल्या त्या शेवटच्या प्रश्नाच्या पोटातच बाकीच्यांची उत्तरं आहेत, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी सूक्ष्मजीवशास्त्राची डॉक्टर. सव्वीस वर्षं परळच्या आसपासच्या प्रयोगशाळांत काम करतेय, आणि त्यातली पहिली तीन वर्षं नेमक्या याच अळ्या बाटलीत जगवण्यात गेली.

टॉक्सोकारा कॅनिस हा कुत्र्याचा गोल जंत, टॉक्सोकारा कॅटी हा मांजराचा. मोठा जंत त्या प्राण्याच्या आतड्यात राहतो आणि त्याची अंडी विष्ठेतून मातीत पडतात. ताज्या विष्ठेतलं अंडं कुणाला बाधत नाही. आत अळी तयार व्हायला ओलसर, उबदार मातीत दोन ते चार आठवडे जावे लागतात. असं पिकलेलं अंडं मुलाच्या मातकट बोटांवरून पोटात गेलं की अळी अंड्यातून बाहेर पडते, आतड्याची भिंत पार करून रक्तात शिरते आणि यकृत, फुप्फुसं, क्वचित डोळा किंवा मेंदू इथपर्यंत हिंडते. पण माणूस हे तिचं घर नाही. इथे ती वाढत नाही, मोठा जंत होत नाही, अंडी घालत नाही. जेमतेम ०.४ मिलिमीटरची अळी तशीच्या तशी महिनोन् महिने, कधी काही वर्षं, शरीरात राहते. अंडीच घालत नसेल तर शौचात दिसणार काय? या आजारासाठी शौचाची तपासणी दोनदा करा की दहादा, उत्तर तेच येणार. (ती तपासणी दुसऱ्या जंतांसाठी मात्र हवीच, त्याबद्दल पुढे.)

शाळेतल्या गोळीचंही तसंच. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला मुलांना अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी देतात, ती आतड्यात राहणाऱ्या जंतांसाठी. तिथे ती उत्तम काम करते. यकृतात जाऊन बसलेल्या अळीला एका गोळीने फारसा फरक पडत नाही. टॉक्सोकारावर उपचार करायचे ठरले तर हेच औषध साधारणपणे दिवसातून दोनदा, पाच दिवस देतात, तेही डॉक्टरांनी ठरवून. घरातल्या उरलेल्या गोळ्या मोजायला घेऊ नका.

आता ई-एस. न वाढणारी ही अळी गप्प बसलेली नसते. तोंडावाटे, शरीरावरच्या एका बारीक छिद्रातून आणि आपल्या कातडीवरून ती सतत प्रथिनं सोडत असते. बाहेर टाकलेलं आणि स्रवलेलं असं सगळं मिळून त्याला ‘एक्स्क्रिटरी-सिक्रिटरी’ अँटिजेन (शरीर ज्याला परकं म्हणून ओळखतं तो पदार्थ) म्हणतात, तेच तुमचं ई-एस. मुलाच्या रक्तात ज्या अँटीबॉडी (परक्या पदार्थाला पकडणारी शरीराची प्रथिनं, आयजीजी हा त्यांचाच एक प्रकार) सापडल्या, त्या या स्रावाविरुद्धच्या.

हा माल गोळा कसा करतात ते सांगते. म्हणजे टेस्ट काय मोजते ते नीट कळेल. औषध दिल्यावर पिल्लांच्या पोटातून पडलेल्या जंताच्या माद्या आम्ही आणायचो, त्यांच्या गर्भाशयातून अंडी काढायचो आणि सौम्य फॉर्मॅलिनमध्ये महिनाभर ठेवायचो. मग अंड्यांचं कवच पातळ करून अळ्या बाहेर काढायच्या, धुवायच्या आणि ३७ अंशांवर गुलाबी पोषकद्रवात सोडायच्या. त्या द्रवात सिरम (रक्तातल्या पेशी काढून उरलेला द्रव) अजिबात घालायचं नाही, कारण मग अळीची प्रथिनं कुठली आणि सिरमची कुठली हे वेगळं काढणं अशक्य होतं. आणि गंमत म्हणजे त्या जगतात. दर आठवड्याला जुना द्रव काढून घ्यायचा, नवा घालायचा, असं अनेक महिने चालतं. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं की केसाच्या तुकड्यासारख्या शेकडो अळ्या सतत वळवळताना दिसतात, एकमेकींत गुंततात, सुटतात. आणि ज्या सकाळी बाटलीतला गुलाबी रंग पिवळा पडलेला दिसे, त्या सकाळी पोटात गोळा यायचा. पिवळा म्हणजे आत बॅक्टेरिया घुसले. एका जुलैत रात्रभर वीज गेली, जनरेटर चालू झाला नाही आणि चार महिन्यांच्या बाटल्या अशाच पिवळ्या झाल्या. मी त्या दिवशी जेवले नव्हते.

ही युक्ती १९७५ साली डी सॅविनी यांनी लिहिली आणि टॉक्सोकाराचं निदान तिथून बदललं. त्याआधी मोठे जंत किंवा अंडी कुटून अँटिजेन बनवायचे. त्या कुटलेल्या लगद्यात सगळ्या गोल जंतांना सामाईक असलेला माल इतका असायचा, की पोटात माणसाचा साधा गोल जंत (अ‍ॅस्कॅरिस) असलेला माणूससुद्धा पॉझिटिव्ह यायचा.

गोळा केलेला स्राव जेलवर चालवून प्रथिनं वजनाप्रमाणे वेगळी केली की मोजकेच ठळक पट्टे दिसतात. त्यांची नावं वजनावरून पडली आहेत: २६, ३२, ५५, ७०, १२० आणि वर अगदी भारी ४०० किलोडाल्टन (प्रथिनांचं वजन सांगायचं एकक). यातलं टी-ई-एस-३२, म्हणजे टॉक्सोकाराच्या ई-एसमधलं ३२ वजनाचं, माझ्या आवडीचं. ते सी-टाइप लेक्टिन आहे, म्हणजे साखरेला पकडणारं प्रथिन. त्याची घडण आपल्याच प्रतिकारपेशींवर असतात त्या साखर-ओळखणाऱ्या प्रथिनांसारखी आहे. चोराने पोलिसाची वर्दी शिवून घ्यावी तसा प्रकार. टी-ई-एस-१२० हे म्युसिन, म्हणजे बुळबुळीत, साखरेने लगडलेलं प्रथिन, आपल्या नाकातल्या शेंबडाच्या जातीचं. याच म्युसिनचा एक अगदी पातळ झगा अळीच्या अंगावर असतो.

तो झगा काय कामाचा, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. जिवंत अळ्यांवर रुग्णाचं सिरम टाकलं की थोड्या वेळाने तोंडाशी आणि त्या बारीक छिद्राशी धुरकट गाठ जमते. स्राव बाहेर आला आणि अँटीबॉडीने तो तिथल्या तिथे पकडला. चमकणारा रंग लावलेल्या अँटीबॉडी वापरल्या तर थंड ठेवलेल्या अळीचं सगळं अंग हिरवं उजळतं. तीच बशी ३७ अंशांवर, म्हणजे आपल्या अंगाच्या उबेला आणली, की हिरवा थर सैल होऊन मागे सरकतो आणि अळी त्यातून सुळकन निघून जाते. सापाने कात टाकावी तसं, फक्त हे काही मिनिटांत आणि पुन्हा पुन्हा. चिकटलेल्या इओसिनोफिलचंही तेच होतं. पेशी झग्याला धरून बसतात आणि झगा मागे राहतो.

म्हणून अँटीबॉडी आहेत म्हणजे अळी मेली असं समजू नका, ती जिवंत आहे असंही समजू नका. शरीराने तिचा स्राव ओळखला होता एवढंच ते सांगतं. केव्हा ओळखला, ते आयजीजी सांगत नाही. या अँटीबॉडी वर्षानुवर्षं रक्तात राहतात. तुमच्या मुलाची अळीशी गाठ दोन महिन्यांपूर्वी पडली की तो रांगत असताना मातीत बसायचा तेव्हा, ते या एका आकड्यावरून काढता येत नाही.

इओसिनोफिल इतके का वाढतात, याचाही धागा याच स्रावात आहे. १९९१ साली इटलीत डेल प्रेते आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या टी-पेशी (प्रतिकाराची दिशा ठरवणाऱ्या पांढऱ्या पेशी) दोन गोष्टींसमोर वाढवल्या. एक क्षयाच्या जंतूचं पीपीडी, तेच आपण मॉन्टू टेस्टला हातावर टोचतो ते. दुसरा टॉक्सोकाराचा हा स्राव. पीपीडीसमोर वाढलेल्या पेशींनी गॅमा इंटरफेरॉन हा निरोप देणारा पदार्थ सोडला. टॉक्सोकारासमोर वाढलेल्यांनी इंटरल्युकिन ४ आणि ५. चार नंबर आयजीई (अ‍ॅलर्जीत वाढणारी अँटीबॉडी) वाढवतो, पाच नंबर इओसिनोफिल. एकाच तऱ्हेच्या पेशींना समोर काय ठेवलं यावरून दोन अगदी उलट वाटा धरताना माणसात इतकं स्वच्छ फार कमी ठिकाणी दिसलं होतं. क्षयाच्या शहरात राहून आपण पहिली वाट रोज पाहतो. तुमच्या मुलाचा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) दुसऱ्या वाटेचा आहे.

या स्रावात प्रथिनांइतकीच साखर महत्त्वाची. वजनाने जवळजवळ ४० टक्के साखरच. तिचा मुख्य नमुना तीन साखरांची एक साखळी आहे, आणि ती आपल्या रक्तगटाच्या एच अँटिजेनशी (तांबड्या पेशींवरची साखर, जिच्यावर ए आणि बी बनतात) मिळतीजुळती आहे. फरक एवढाच की अळीने तिच्यावर मिथाइलचे लहानसे खिळे ठोकलेले असतात. मुंबईकराला एच म्हटल्यावर लगेच आठवावं: हा एच नसलेला रक्तगट पहिल्यांदा सापडला तो याच शहरात, डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांना, १९५२ साली, म्हणून तो ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. आणि त्याच वर्षी तिकडे न्यू ऑर्लिन्समध्ये बीव्हर आणि सहकाऱ्यांनी इओसिनोफिल बेसुमार वाढलेल्या लहान मुलांच्या आजाराचा छडा लावला. एका मुलाच्या यकृताच्या तुकड्यात त्यांना ही अळी दिसली, आणि त्यांनी आजाराला ‘व्हिसरल लार्व्हा मायग्रन्स’ हे नाव दिलं. वर्ष एकच असणं हा निव्वळ योगायोग, पण शिकवताना मी तो सोडत नाही. या आजाराच्या रुग्णांत रक्तगटाच्या ए आणि बी विरुद्धच्या अँटीबॉडीही कधी कधी वाढलेल्या सापडतात, त्यामागे या साखरांचं साम्य आहे.

तुमच्या कामाची गोष्ट ही की, टेस्ट फसते ती मुख्यतः या साखरेमुळेच. अशाच साखरा इतर जंतही मिरवतात. एलायझा या अँटीबॉडी मोजणाऱ्या टेस्टच्या प्लेटमध्ये ९६ खळगे असतात, तळाला ई-एस चिकटवलेला. त्यात पातळ केलेलं सिरम, मग रंग देणारं एन्झाइम, शेवटी आम्ल. जोरदार पॉझिटिव्ह खळगा हळदीसारखा पिवळाधमक. पण मधलेच काही लिंबाच्या सरबतासारखे फिकट असतात, आणि भारतातल्या लॅबचं खरं दुखणं ते. अ‍ॅस्कॅरिस, स्ट्राँगिलॉइडिस (आतड्यातला एक बारीक जंत), हत्तीरोगाचा जंत, यांपैकी काहीही होऊन गेलेल्या माणसाचं सिरम हा फिकट पिवळा देऊ शकतं. परदेशात बसवलेली कटऑफ रेषा (जिच्या वरचा आकडा पॉझिटिव्ह धरतात ती) आपल्या लोकांना जशीच्या तशी लावली की ही सगळी मंडळी ‘पॉझिटिव्ह’च्या रकान्यात जातात. मी एका लॅबचा असा रिपोर्ट पाहिलाय, जिथे कटऑफच्या केसभर वर गेलेल्या आकड्यावर एका बाईंनी आठ वर्षांची मांजर देऊन टाकली होती.

यावर उतारा वेस्टर्न ब्लॉटचा. त्यात स्रावाचे पट्टे वेगळे करून कोणत्या पट्ट्याला अँटीबॉडी चिकटते ते पाहतात. २४ ते ३५ किलोडाल्टनच्या हलक्या पट्ट्यांवर उमटलं तर ते बहुतेक टॉक्सोकाराचंच. फक्त वरच्या भारी पट्ट्यांवर उमटलं तर ते दुसऱ्या कुठल्या जंताचं असू शकतं. दुसरा मार्ग, अळीचं एखादं प्रथिन जिवाणूत बनवून घेणं. २००० साली जपानमध्ये यामासाकी आणि सहकाऱ्यांनी ३० किलोडाल्टनचं प्रथिन असं ई. कोलाय या जिवाणूत बनवलं. ई. कोलाय त्यावर अळीची साखर चढवत नाही, त्यामुळे साखरेमुळे होणारी गफलत आपोआप टळते. तुमच्या रिपोर्टवर ‘ई-एस’ लिहिलंय, म्हणजे तुमची टेस्ट अख्ख्या स्रावावरची आहे. लॅबला फोन करून दोन गोष्टी विचारा: नेमका आकडा किती आणि कटऑफ किती. नुसतं ‘पॉझिटिव्ह’ घेऊन परत येऊ नका. आकडा कटऑफच्या अनेक पट असेल तर बोलणं वेगळं, जेमतेम वर असेल तर ब्लॉट करून घ्या.

आता मुलाचं. १४,०००चे २२ टक्के म्हणजे ३,०८०. हा आकडा मोठा आहे, आणि टॉक्सोकारात चालण्यासारखा आहे. पण मुंबईत रात्रीचा कोरडा खोकला आणि तीन हजारांवर इओसिनोफिल एकत्र दिसले की मी आधी हत्तीरोगाच्या जंताची फुप्फुसातली प्रतिक्रिया, ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलिया, डोक्यात आणते. घरातले कुणी हत्तीरोग असलेल्या भागातले असाल, मुलगा सुट्टीत तिथे राहून आला असेल, तर ते डॉक्टरांना सांगा. तिचं औषध वेगळं, डायइथाइलकार्बामाझिन, आणि ते आठवडे-आठवडे चालतं. हत्तीरोगाच्या जंताची अँटीबॉडी आणि टॉक्सोकाराची अँटीबॉडी एकमेकींच्या रकान्यात डोकावतात, म्हणून दोन्ही टेस्ट एकाच वेळी करून आकडे शेजारी ठेवले तर निर्णय सोपा जातो.

एक गोष्ट घाईची. खोकल्यासाठी कुणी तोंडावाटे स्टेरॉइड लिहून दिलं असेल, किंवा देणार असेल, तर आधी विचारा की स्ट्राँगिलॉइडिस तपासलाय का. तो जंत आतड्यात थोड्या संख्येने गुपचूप राहतो आणि स्टेरॉइड मिळालं की बेफाम वाढू शकतो. शौचाची तपासणी हवीच म्हटलं ते यासाठी, आणि तीही वेगवेगळ्या दिवशी तीनदा. वर स्टेरॉइडने इओसिनोफिल झटकन खाली येतात, सगळ्यांना वाटतं आजार पळाला.

आणि डोळे. मुलगा टीव्हीच्या एका बाजूला मान वळवून बघतो का, एक डोळा तिरळा होतोय का, एक डोळा हाताने झाकला की चिडतो का, हे आज घरीच बघा. डोळ्यातल्या टॉक्सोकारात कित्येकदा एकच अळी असते. तेवढ्या स्रावाने रक्तात अँटीबॉडी पुरेशा वाढत नाहीत आणि रक्ताची टेस्ट चक्क निगेटिव्ह येते. मग डोळ्याच्या आतला द्रव काढून तपासावा लागतो. १९५० साली वाइल्डर या अमेरिकन बाईंनी, कर्करोग असावा म्हणून काढून टाकलेले मुलांचे डोळे पुन्हा कापून पाहिले, तर त्यांतल्या बऱ्याच डोळ्यांत जंताच्या अळ्या निघाल्या. ते वाचल्यापासून मी अशा प्रत्येक मुलाला एकदा रेटिनाच्या डॉक्टरांकडे पाठवते, तक्रार असो नसो.

पिल्लाबद्दल. पिल्लांना हा जंत आईच्या पोटातूनच मिळतो, त्यामुळे पहिल्या काही महिन्यांत ती भरपूर अंडी टाकतात. मोठी कुत्री त्या मानाने फार कमी. पण अंडं पिकायला आठवडे लागतात हे वर सांगितलंच. म्हणजे पिल्लाला थोपटल्याने काही होत नाही. धोका आहे तो ते जिथे बसतं त्या झाडाखालच्या मातीत, आणि त्या मातीचा हात न धुता वडापाव खाण्यात. पिल्लू हाकललं तरी आधी पडलेली अंडी तिथेच राहणार, आणि त्या जागी आठवडाभरात दुसरं येणार, हे सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या नावाशिवाय खुशाल टाका. त्यापेक्षा वॉचमनला पशुवैद्यांकडे पाठवा. दोन आठवड्यांच्या वयापासून दर पंधरा दिवसांनी जंताचं औषध देतात, खर्च किरकोळ असतो. विष्ठा रोजच्या रोज उचलली तर अंडी पिकायला वेळच मिळत नाही. मुलं खेळतात तिथली वाळू असेल तर रात्री ताडपत्री टाका, मांजरांना ती जागा फार आवडते. पालेभाजी आणि कोथिंबीर वाहत्या पाण्याखाली धुवा. चार महिने पाऊस असतो तेव्हा माती वाळत नाही, त्या दिवसांत जास्त.

हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला होत नाही. मुलगी खेळती-हसती असेल तर तिची अँटीबॉडी टेस्ट करू नका. पॉझिटिव्ह आली तर त्या आकड्याचं काय करायचं, हा नवा प्रश्न घरात येईल. फार वाटलं तर साधा सीबीसी करा. मुलाचीही अँटीबॉडी उपचारानंतर पुन्हा मोजू नका, ती लवकर उतरत नाही आणि तुम्ही उगीच घाबराल. इओसिनोफिल मोजा, औषध संपल्यावर महिन्याने एकदा, मग तीन महिन्यांनी. आणि लॅबकडून आकडा-कटऑफ मिळाला की इथेच लिहा, फिलेरियाचा, म्हणजे हत्तीरोगाच्या जंताचा, रिपोर्टही सोबत असू द्या.